सांडशी उसनी मिळत नाही

परवा सूनबाईंनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा थंड मुलखातला एक दाढीवाला गडी घरामागच्या खोलीत स्वतःपुरती सांडशी बनवत होता. अंगात चामड्याचा कोरा एप्रन, डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे, हातांत मोजे, आणि मागं कुणीतरी हळू आवाजात वाजंत्री लावलेली. सांडशी झाल्यावर त्यानं ती पांढऱ्या कापडावर ठेवली आणि घरात पहिलं लेकरू जन्माला आल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. खाली जगभरातून शाबासक्या आलेल्या. सूनबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही पण लहानपणी बनवली होती ना? केवढी छान हौस." मी म्हटलं, हो बाई, हौसच. आमच्या घरात हौसेला तोटा नव्हता. माय पहाटेपासून हौसेनं घण मारायची, मी हौसेनं भाता ओढायची, आणि आबा हौसेनं आम्हा दोघींवर ओरडायचे. आता सूनबाईंनी विषय काढलाच आहे तर लिहून टाकते. वाजंत्री मात्र ज्याची त्यानं लावून घ्यावी.

स्वयंपाकघरात पातेलं उतरवायला सांडशी असते, तिचीच थोरली बहीण म्हणजे लोहाराची सांडशी. लांब दांड्यांची, भट्टीतून तापलेलं लोखंड धरून ऐरणीवर आणायची. आमचं घर लोहाराचं. केजवरून आत गेलं की जी गावं लागतात त्यांतल्या एका गावाच्या तोंडाशी आमचं दोन खणांचं घर होतं, आणि घरापुढं पत्र्याखाली कामाची जागा. मधे भट्टी, तिच्या मागं चामड्याचा भाता, पुढं जमिनीत लाकडाचा ओंडका पुरून त्यावर आजोबांपासून चालत आलेली ऐरण. ऐरणीच्या अल्याड आबा मांडी घालून बसायचे. डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात लहान हातोडा. पल्याड त्यांच्या तोंडासमोर माय उभी, पदर खोचून, दोन्ही हातांत घण. आबा हातोड्यानं तापल्या लोखंडावर एक टिचकी मारायचे, टिण्. जिथं टिचकी तिथं मायचा घण, धाड. टिण् धाड, टिण् धाड. आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि कुणाला त्याची गरजही पडली नाही. सकाळी हा आवाज सुरू झाला की शेजारीपाजारी उठायचे आणि थांबला की जेवायला बसायचे.

आता यात एक गंमत बघा. घण जड, सांडशी हलकी. घण मारून खांदे उतरायचे ते मायचे, आणि गावात "हुनर लई हाय गड्याच्या हातात" म्हणून नाव व्हायचं ते आबांचं. बाईनं भाता ओढायचा, बाईनं घण मारायचा, कोळसा बाईनं आणायचा, राख बाईनं काढायची. सांडशी तेवढी बाईनं धरायची नाही. कावून, असं मी एकदा विचारलं तर आबा म्हणाले, "बाईच्या हाताला झेपत न्हाई." त्या वेळी माय समोर घण खांद्यावर टेकवून घाम पुसत होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं वर पत्र्याकडे बघितलं.

आबा तसे वाईट नव्हते, बोलायचे कमी इतकंच. ऐरणीवर टिचकीनं काम भागायचं, ती सवय घरातही लागलेली. ताटावर बोटानं एक टिचकी म्हणजे भाकरी, दोन म्हणजे आमटी. येसराचा भाजका मसाला घातलेली आमटी मायच्या हातची अशी व्हायची की वास गल्लीच्या टोकाला जायचा, वर ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा. आबा दोन टिचक्या मारून तीन वाट्या आमटी प्यायचे आणि उठून जायचे. बरी झाली म्हणायला तिसरी टिचकी त्यांना कधी सुचली नाही.

सांडशीचा मात्र आमच्यात फार बडेजाव. ज्याची सांडशी त्यानंच धरायची. दुसऱ्याच्या सांडशीला हात लावायचा नाही, ओलांडायची नाही, उसनी तर मागायचीच नाही. लोहाराच्या पोरानं ऐरणीपुढं बसायचं तर आधी स्वतःच्या हातानं स्वतःची सांडशी करायची. ती झाली की नारळ फुटायचा, पुरणपोळी व्हायची आणि पोरगं लोहार झालं असं ठरायचं. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, अशी सांडशी झाली तेव्हा मायनं पुरण वाटून वाटून हात सुजवून घेतले होते. दादानं ती सांडशी जेमतेम एक हंगाम वापरली, खिळ्याला अडकवली आणि औरंगाबादला कंपनीत नटबोल्ट आवळायला गेला. सांडशी खिळ्याला लोंबकळत राहिली. घरातल्या दोन बायका दिवसभर तिच्याखाली राबत होत्या, पण ती दादाची होती ना.

मग त्या वर्षी ऐन पावसाळ्यात आबा विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधून, वर कसलासा लेप थापून, मनगट असं काही बसवलं की कामट्या सोडल्यावर बोटं मिटायलाच तयार होईनात. आबा रोज ओसरीत बसून बोटांकडे बघायचे. टिचकी मारता येत नव्हती, त्यामुळं घरात कुणाला काही कळेनासं झालं. बाहेर दसरा तोंडावर आलेला. आमच्याकडं दसरा आला की गावंच्या गावं ऊस तोडायला निघतात, माजलगावपासून पार तिकडं कर्नाटकापर्यंत, आणि निघण्याआधी प्रत्येकाला कोयता नीट करून हवा असतो. वर्षाचं निम्मं काम त्या पंधरवड्यात यायचं. लोक कोयते घेऊन यायचे, आबांचा हात बघायचे, चुकचुकायचे आणि कोयते तसेच काखेत मारून परत न्यायचे.

एक दिवस ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा मुकादम येऊन बसला. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, आणि त्या जोडीला आमच्याकडं 'कोयता' म्हणतात, माणसं म्हणत नाहीत. मुकादम चहा पीत म्हणाला, "आबाचा हात गेला तर गेला. तुमी मायलेकी चला. एक कोयता धरतो तुमचा." उभा जन्म लोकांना कोयते करून देणारं आमचं घर आता स्वतःच कोयता होऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसणार होतं. मुकादमाला त्यात काही विशेष वाटलं नाही, त्यानं दुसरा चहा मागितला.

त्याच आठवड्यात नाना उगवले. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, घाटनांदूरला असायचे. त्यांच्याकडं विजेचा पंखा होता, वेल्डिंगचं मशीन होतं आणि दारावर 'वर्कशॉप' अशी पाटी होती. नानांचं आमच्यावर फार प्रेम. प्रेमाचा उमाळा आला की ते रिकामा टेम्पो घेऊन यायचे आणि भरून घेऊन जायचे. या आधी आजोबांचा मोठा शेगडा असाच गेला होता, शिसवी पेटी अशीच गेली होती. या खेपेला ते ऐरणीशेजारी उकिडवे बसले, तिच्यावरून हात फिरवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "भाऊ, बापाची ऐरण हाय. अशी गंजत पडली तर त्येच्या आत्म्याला काय वाटंल. म्या नेतो. बाजाराच्या दिवशी टेम्पो घिऊन येतो."

आबांनी मान खाली घातली. "हूं," म्हणाले.

"आन् सुमीचं बी बघून टाकू," नाना उठता उठता म्हणाले. सुमी म्हणजे मी. "माझ्या बघण्यात पोरगं हाय. घण बिण मारती म्हनून सांगू नका फक्त."

हे ऐकून मला काय झालं ते उगाच सजवून सांगत नाही. राग आला. परंपरा, अस्मिता, स्त्रीशक्ती असलं काही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. ते शब्द पुढं महिला दिनाच्या सत्कारात एका ताईंनी माझ्या गळ्यात हारासोबत घातले. मला नुसता राग आला होता. ऐरण गेली की भट्टी गेली, भट्टी गेली की माय आणि मी ट्रॉलीत, आणि माय तर आधीच अर्धी झिजलेली. ऊस तोडून ती परत येईल असं मला वाटत नव्हतं. ऐरण वाचवायची तर तिच्यापुढं कुणीतरी बसायला हवं, आणि बसायचं तर आमच्या थोर रिवाजाप्रमाणं स्वतःची सांडशी हवी. रिवाजात पोरानं असं म्हटलेलं, हे खरं. पण पोरगं औरंगाबादला होतं.

आबा दुपारी मारुतीच्या पारावर जाऊन बसायचे, माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. घरी मी एकटी. पडलेल्या गोठ्याच्या खिडकीतून मी दोन जाड गज उपसून काढले. सांडशी करायला सांडशी लागत नाही, हे मला रागाच्या भरातच कळलं. गज लांबलचक असला की एक टोक भट्टीत आणि दुसरं थंडगार टोक आपल्या हातात. आबांच्या सांडशीला बोटही न लावता सगळं होतं. टोक लालपिवळं झालं की ऐरणीच्या कडेवर अर्धं आत, अर्धं बाहेर असं ठेवून ठोकायचं. तिथं पायरी पडते, ते सांडशीचं तोंड. मग गज पाव फेरा वळवायचा, जरा पुढं सरकवायचा आणि परत ठोकायचा. तिथं चपटी जागा होते, तिच्यात भोक पाडून खिळा बसवायचा. उरला तो दांडा. ऐकायला सोपं आहे. व्हिडिओतला दाढीवालाही असंच पटकन सांगत होता. भाता ओढून पळत पुढं यायचं, ठोकायचं, तोवर लोखंड काळं, परत मागं पळायचं, परत भाता. दाढीवाल्याचा पंखा आपोआप चालत होता, देव त्याचं भलं करो.

पहिला भाग झाला. काय सांगू, मला तो इतका देखणा वाटला की मी तो पदरानं पुसला. दुसऱ्या दिवशी दुसरा भाग केला, तोही तितकाच बरा. थंड झाल्यावर मी एकावर एक ठेवायला गेले तर दोघांची तोंडं एकमेकांकडं पाठ करून उभी. उलटा केला तर दांडे भांडायला लागले. कसंही फिरवलं तरी जमेना. चपलेच्या जोडासारखा एक डावा आणि एक उजवा झाला होता, आणि सांडशीला दोन्ही भाग एकाच अंगाचे, हुबेहूब लागतात. एक पालथा करून दुसऱ्यावर ठेवला की मगच ते कात्रीसारखे आडवे जातात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जन्म भट्टीपुढं गेलेला, आणि एवढं माहीत नव्हतं. मी तिथंच राखेत बसून रडले. बाजाराला मधे फक्त दोन दिवस होते.

माय रानातून आली तेव्हा मी अशीच बसलेली. तिनं डोक्यावरचा गवताचा भारा टाकला, माझ्याकडं बघितलं, गजांकडं बघितलं. मला वाटलं आता पाठीत बसणार. ती खाली बसली आणि दोन्ही भाग दोन हातांत घेऊन न्याहाळायला लागली.

"ह्यो पैला केलास तवा तुझ्या डोळ्यापुढं काय हुतं?" तिनं विचारलं.

"आबा करायचे तसंच केलं. भात्यावर बसून, त्येंच्या पाठीमागून बघितलंय की म्या."

"आन् ह्यो?"

मी आठवायला लागले. दुसऱ्या वेळी डोळ्यांसमोर आबांचे हात आले होते ते समोरून, घणापाशी उभं राहून दिसतात तसे. माय घणावर नसली की मीच उभी राहायची.

"मंग बराबर हाय," माय म्हणाली. "येक त्येंच्या अंगानं केलास, येक आपल्या अंगानं. समोर उभं ऱ्हायलं की त्येंचा उजवा आपल्या डाव्याला येतो. गडी माणूस ही चूक करायचाच न्हाई."

"कावून?"

"त्यो समोरून कवा बघतोय."

हे म्हणताना ती हसली. मायला हसताना मी फार कमी पाहिलंय, म्हणून लक्षात आहे. मग तिनं दुसरा भाग बाजूला फेकला, खिडकीतला तिसरा गज उपसून आणला आणि म्हणाली, "म्या भाता वडते. तू कर. पाव फेरा तुझ्याकडं वळव, माझ्याकडं न्हाई." मी विचारलं, आबांना कळलं तर? माय म्हणाली, "पारावर बसल्यात ते. पार काय बीडला हाय का?" खरं होतं. आमच्या भट्टीचा आवाज पारावर काय, पल्याडच्या वस्तीवर जायचा. पुढं कितीतरी वर्षांनी मी आबांना त्याबद्दल छेडलं तर म्हणाले, मला काय म्हाईत, म्या झोपलतो. भर दुपारी, पारावर, बसल्या बसल्या, चार माणसांत.

तिसरा भाग पहिल्याची सख्खी बहीण निघाला. मायनं घण मारून दांडे लांब करून दिले, मी सुंब्यानं भोकं पाडली आणि खिळा घालून सांधाच भट्टीत लाल केला आणि दोन्ही बाजूंनी ठोकला. खिळा गरम असतानाच सांडशी उघडझाप करत पाण्यात बुडवावी लागते, नाहीतर सांधा कायमचा धरून बसतो. मी उघडझाप करत राहिले, पाणी फसफसत राहिलं, आणि सांडशी उघडत-मिटत राहिली. झाली. वाकडी होती, एक दांडा दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब होता. पण मिटत होती. मायनं नारळबिरळ काही फोडला नाही. रात्री भाकरीबरोबर गुळाचा खडा दिला, तो मी अजून सत्कार म्हणून धरते.

बाजाराच्या दिवशी सकाळी कौसामावशी आली. ऊसतोडीची जुनी बाई, नवरा गेल्यापासून भावाबरोबर जोडीनं जायची. तिच्या कोयत्याच्या धारेचा तुकडा उडाला होता आणि तिचा ट्रॅक्टर दिवस मावळायच्या आत निघणार होता. "आबा न्हाई का?" म्हणाली. माय म्हणाली, "सुमी करती." कौसामावशीनं माझ्याकडं बकरी विकत घेताना बघतात तसं बघितलं. मग म्हणाली, "कर बाई. ऱ्हायला तर कोयता, न्हाई तर लोखंड. तसं बी आत्ता लोखंडच हाय." मी आबांच्या जागेवर बसले. कोयता भट्टीत घातला, माय भाता ओढायला लागली, आणि तेवढ्यात दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. नानांचं प्रेम वेळेवर आलं होतं.

नाना दोन हमाल घेऊन पत्र्याखाली आले आणि मला बघून जागीच थांबले. "ही काय थेरं," म्हणाले. "वैनी, ही काय करायली?"

"कोयता," माय म्हणाली.

"ते दिसायलंय मला. सांडशी कुनाची धरलीय तिनं? भाऊची? आगं, बाटवली की."

"माजी हाय," मी म्हणाले. आवाज फुटायचा तसा फुटला नाही, घोगरा निघाला.

नाना मोठ्यानं हसले. हमालांनाही हसावं लागलं. तेवढ्यात आबा पारावरून आले. कुणी बोलवायला गेलं नव्हतं. नानांनी लगेच हात नाचवले, "भाऊ, बघ रे बाबा तुझ्या लेकीची करामत. खिडकीचे गज वाकवले न् म्हनती सांडशी. आता कोयता कर म्हनावं, उद्या पागोटं बांद म्हनावं. दुनिया हसंल. सोड, आम्ही ऐरण उचलतो, उनाच्या आत जायचंय."

आबा माझ्यापुढं येऊन बसले. माझ्या हातातल्या सांडशीकडं बघत राहिले. त्यांनी 'हूं' म्हटलं असतं तर मी उठले असते. तेवढं त्यांचं त्या घरात चालायचं. त्यांनी डावा हात पुढं केला, सांडशी मागतात तसा. आणि मग अर्ध्यावर थांबवला आणि मागं घेतला.

"तूच धरून दाव," म्हणाले. "म्या हात लावायचा न्हाई."

मी सांडशी वर धरली, उलटी केली, उघडली, मिटली. आबांनी खालून वरून बघितलं आणि तोंड उघडलं. तोंड वाकडंय म्हणाले. दांडा कमीजास्त हाय म्हणाले. येवढा मोठा खिळा हत्तीला बसवतात का, म्हणाले. अशी सांडशी आमच्या सात पिढ्यांत कुणी केली न्हाई, म्हणाले. दादाच्या सांडशीत त्यांनी एकही खोड काढली नव्हती. इतकं बोललेले आबा मी त्याआधी ऐकले नव्हते, आणि मला रडू यायला लागलं ते अपमानानं नव्हे. लोहारानं लोहाराच्या कामाला नावं ठेवावीत तशी ते नावं ठेवत होते.

"मंग? उचलायची ना?" नाना म्हणाले.

"कोयता भट्टीत हाय," आबा म्हणाले. "तिचं काम चाललंय. दिसत न्हाई का बे?" आणि उठून भट्टीमागं गेले. मायला म्हणाले, "हू तिकडं. तू घणाकडं जा," आणि स्वतः डाव्या हातानं भाता ओढायला बसले. गावच्या लोहारानं बाईमाणसाच्या जागी बसून भाता ओढावा, हे बघायला शेजारच्या दोन म्हाताऱ्या मुद्दाम ओसरीवर आल्या. आबांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी कोयता बाहेर काढला. माय समोर उभी राहिली, घण उचलून. मी हातोड्यानं टिचकी मारली. माझी टिचकी इतकी हलकी पडली की मला वाटलं तिला ऐकू गेली नसेल. पण घण बरोबर तिथंच आला. पुढची जरा जोरात मारली. कोयता माझ्या वाकड्या सांडशीत सरकायला बघायचा, मी दात खाऊन दाबून धरायची. धार पातळ होत आली. मग पाणी द्यायची वेळ आली. भट्टीत धारेचा रंग नेमका आला की काढून पाण्यात घालायची. लवकर घातली तर धार मऊ, उशिरा घातली तर तुटते. मी आबांकडं बघितलं. आबांनी मुद्दाम रस्त्याकडं तोंड केलं. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही, आणि त्याच रागात मी रंग धरला आणि कोयता पाण्यात घातला. आता वाटतं, त्या माणसानं मला आयुष्यात दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते फिरवलेलं तोंड. पण हे त्यांच्या हयातीत मी बोलले नाही, उगाच ते शेफारले असते.

कौसामावशीनं कोयता दगडावर घासला, दारातल्या बाभळीच्या फांदीवर एक हात टाकला. फांदी खाली पडली. तिनं धार डोळ्यांजवळ नेऊन बघितली, अंगठ्यानं चाचपली. "चालतंय," म्हणाली. आमच्याकडं यापेक्षा मोठी शाबासकी नाही, कुणी जास्त बोललं तर त्याला काहीतरी मागायचं असतं. दुपार कलायच्या आत आणखी तीन कोयते दारात आले. मुकादमाला मायनंच निरोप धाडला की आमचा कोयता घरीच राहतोय. नाना तोवर चहा पिऊन बसले होते. हमाल ऐरणीकडं बघत होते, आबा हमालांकडं बघत होते, शेवटी नानाच उठले. त्यांच्या बघण्यातलं ते पोरगं आता काय हो म्हणायचं नाही, असं ते मला जाता जाता दुःखानं सांगून गेले. मी ते दुःख सोसलं. रिकामा टेम्पो नेणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून कडब्याच्या चार पेंढ्या तेवढ्या त्यांनी उचलून नेल्या.

शेवटचा कोयता गेला तेव्हा ऊन उतरलं होतं. मी दोन्ही हात पाण्याच्या घमेल्यात बुडवून बसले होते. तळहातांवर फोड आले होते, आणि सुख काय ते मला तेव्हा कळत होतं. आबा भात्यावर तसेच बसून होते. माय घण टेकवून उभी होती, नेहमीसारखी समोर, ऐरणीच्या पल्याड. ती बराच वेळ माझ्या जागेकडं बघत होती. मला वाटलं दमली असेल. मग ती चालत अल्याड आली, घण माझ्या मांडीशी ठेवला आणि म्हणाली, "ऊठ. खिडकीचा आणखी येक गज शिल्लक हाय. दुसरा दाराचा काढू."

मला आधी कळलंच नाही. आबांना माझ्या आधी कळलं असावं, कारण भाता थांबला.

"माय, तुला करायची?" मी विचारलं.

"मंग काय तुझी उसनी घिऊ?"

इतकी वर्षं ती बाई समोर उभी होती. मी तिच्या पोटची, एका ताटात जेवणारी, आणि तिला काय हवं आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. मला तर फक्त माझीच सांडशी दिसत होती. मी उठले. हात भाजलेले होते तरी घण उचलला आणि पल्याड जाऊन उभी राहिले. माय खाली बसली, लुगडं सावरून, आबांच्या जागेवर, आणि गजाचं टोक भट्टीत घातलं.

"तुला दोन दिवस लागतील," मी म्हणाले.

"चार," आबा भात्यामागून म्हणाले. "तिला घाई लई, चुकंल."

"तुमी वारा घाला," माय म्हणाली.

आणि आबांनी वारा घातला.